बाटलीवरची रेघ

"गल्ली तुम्ही पाडताय, आणि सही माझ्याकडून मागताय!"

वॉर्ड ऑफिसात नंबराची चिठ्ठी धरून बसलेल्या हिसानोने मान वर केली. खिडकीशी गल्लीतल्या छोट्या बारची मालकीण ओरिए उभी होती, मागे तिचं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा कुरामोची.

"ओरिएबाई, नव्या इमारतीत गाळा मिळेल की," खिडकीतला कारकून म्हणाला.

"चौदाव्या मजल्यावर? हे काका माझ्या तीन पायऱ्यांना दोनदा दम खातात."

"चार आहेत पायऱ्या."

"काका, गप्प बसा! साहेब, माझ्या फडताळात प्रत्येक गिऱ्हाईकाच्या नावाची शोचू दारूची बाटली आहे. पिऊन झालं की उरलेल्या दारूपाशी मी रेघ मारते."

"आणि ओतते मात्र चमचाभर."

"दोन दिवस रेघ खाली सरकली नाही, की मी घरी जाऊन दार वाजवते. हिवाळ्यात हे न्हाणीघरात पडलेले सापडले."

"उघडाबंब होतो हो. अब्रू गेली!"

"जीव राहिला ना?"

"बाई, नुकसानभरपाईच्या फॉर्मात खुर्च्यांचा रकाना आहे, फ्रिजचा आहे. बाटल्यांचा नाही. मागे रांग आहे."

शेजारच्या खिडकीवर हिसानोचा नंबर लागला. ती जागची हलली नाही.

"मग हाताने लिहा. अकरा बाटल्या एकट्या राहणाऱ्यांच्या आहेत. पुढच्या महिन्यापासून त्यांचं दार कोण वाजवणार? नाव सांगा, साहेब. मी इथेच उभी आहे."