जिना उतरल्याचं गाणं

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात काठी आणि तोंडात गाणं.

“हळू गा गं, लोक बघतायत.”

“बघू देत! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा जिना उतरले मी.”

“लिथियम घेतलंस ना?”

“तुमच्यासमोरच तर गिळलं. दुखण्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून, लिथियमसोबत चालेल अशीच घेतलीये.”

“आणि झोप?”

“ढाराढूर! मी झोपलेय का ते बघायला तुम्हीच उठवलंत.”

“मागच्या वेळी उन्मादाचा झटकाही गाण्यापासूनच सुरू झाला होता गं.”

“म्हणून तर रक्तातलं लिथियम तपासलं ना? सगळं ठीक आहे म्हणाले डॉक्टर. आज मला नुसता आनंद झालाय हो. पुढची ओळ तुम्ही म्हणा.”

“इथं? लोक माझंही रक्त तपासायला लावतील!”

आणि त्यांनी घसा खाकरला.