फॅमिली ग्रुपवरचा व्हिडिओ

राग नाही येणार तर काय होणार, तुम्हीच सांगा. आमचे मोठे दीर दर रविवारी राजेंद्र नगरहून पोहे खायला येतात आणि मलाच सुनावतात, "सईच्या मोबाईलवर फिल्टर लावला का? आजकालच्या आयांचं ध्यानच नसतं." पोरगी सहावीत आहे. शेवटी लावला. तिनं काही उलटंसुलटं उघडलं की फिल्टर ते अडवतो आणि मला मेसेज येतो.

परवा पोहे खाताखाताच मेसेज आला, हिंसक व्हिडिओ अडवला म्हणून.

"देखो, मी बोललो होतो ना?" दीर म्हणाले. "बोलव तिला."

सई मोबाईल घेऊन आली. "मोठे काका, लिंक तर तुम्हीच पाठवली सकाळी, फॅमिली ग्रुपवर."

खरंच, दिरांनीच टाकलेली. वर लिहिलेलं, 'कमजोर दिलवाल्यांनी बघू नये.'

मला वाटलं, आता तरी शरम वाटेल. तर म्हणे, "ती मोठ्यांसाठी होती. हिला ग्रुपमधून काढून टाक, बात खतम."

ग्रुपची अ‍ॅडमिन मी. तिथेच, त्यांच्यासमोर काढलं. सईला नाही, त्यांना.

मग म्हटलं, "झाली बात खतम, दादा. शेव देऊ का अजून?"