गाळणी आणायला गेलेल्या मुलाबाबत

नाव : ऑर्लो हॅच. वय : ७९ वर्षे. धंदा : पूर्वी मेंढपाळी, आता घरीच. राहणार : कालव्यालगतचे शेवटचे घर, मिल होलो, जुनिपर काउंटी, युटा.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, माझा मुलगा केंडल, वय ४६, गुरुवारी दुपारी त्याची पिकअप घेऊन टॅबर खिंडीकडे गेला, तो परत आलेला नाही. आज रविवार आहे. हे सांगायला मी फार उशिरा आलो, त्याबद्दल आधी माफी मागतो. शुक्रवारीच यायला हवे होते. का आलो नाही ते पुढे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाही. मी आठवीनंतर शाळा सोडून मेंढ्यांमागे गेलो, त्यामुळे मागेपुढे झाले तर शेरीफच्या डेप्युटी साहेबांनी नीट लावून घ्यावे.

केंडल घोड्यांना नाल ठोकण्याचे काम करतो. पिकअप डिझेलची, करड्या रंगाची, चार दारांची असून मागे नाल आणि ऐरण ठेवण्याची पेटी आहे. या शेतावरून त्या शेतावर असे त्याचे फेरे लहान असतात. इंजिन पुरेसे तापत नाही आणि धुरातली काजळी अडवणारी गाळणी भरून जाते. मग दिवा लागतो, गाडी जोर धरत नाही. शोरूमवाले दर वेळी गाडी ठेवून घेत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात रूलन टिंगी याने त्याच्या कोठारात ती गाळणी काढली, तिच्या जागी सरळ नळी बसवली आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरा प्रोग्राम घातला. रूलन आमच्याच वॉर्डातला, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतला, प्रार्थनेला आमच्या पुढच्या बाकावर बसतो, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याचे नाव लिहायलाच हवे का असे मी विचारले. साहेब म्हणाले, हवे.

हे कायद्यात बसत नाही हे आम्हा सर्वांना माहीत होते. त्या दिवशी रूलन म्हणाला होता, “आता खोऱ्यात गाळणी उरली ती फक्त कॉफीची, आणि कॉफी तर आपल्या धर्मात वर्ज्य.” केंडल खूप हसला. तो सहसा हसत नाही.

आमच्याकडे बहुतेकांच्या पिकअप एकाच कंपनीच्या आहेत. काढलेल्या गाळण्या लोकांनी भंगारात विकल्या, कारण आत महागाचा धातू असतो. एकच शाबूत राहिली, ती ड्वेल ओकी याची. तेव्हापासून वॉर्डात अशी रीत पडली की, ज्याच्या गाडीची सरकारी तपासणी असेल त्याने ती गाळणी आदल्या दिवशी बसवायची, रूलनने मूळ प्रोग्राम परत घालायचा, आणि तपासणी झाली की उतरवून पुढच्याला द्यायची. लेकराचा पाळणा फिरवतात तशी ती घरोघर फिरते. तपासणीवाला गाडीखाली वाकून बघतो, त्याला गाळणी दिसते, तो सही करतो.

ऑक्टोबरात केंडलचे इंजिन कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे, न गोठणारे पाणी, पिऊ लागले. वॉरंटी अजून बाकी होती. आम्ही दोघे शोरूमला गेलो. तिथल्या तरुणाने गाडीला वायर जोडली, पडदा बघितला आणि विचारले, “यात कोणी हात घातलाय का?”

केंडल म्हणाला, “नाही.”

तो म्हणाला, “मिस्टर हॅच, गाडीच सांगतेय.”

वॉरंटी तिथेच रद्द झाली. कंपनीच्या नोंदीत टाकले आहे, आता कुठल्याही शोरूमला गेलात तरी हेच दिसेल, असे त्याने सांगितले. तो उद्धटपणे बोलला नाही. परत येताना आम्ही बर्गर घ्यायला थांबलो. केंडलने बटाट्याची एक फोड सॉसमध्ये बुडवली आणि तशीच ठेवून दिली. 

गाडीची नोंदणी महिनाअखेर संपते. तपासणी शनिवारी ठरली होती. नापास झाली तर गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती, आणि गाडीशिवाय त्याचे काम नाही. गाळणीची पाळी मागच्या वेळी ड्वेलची होती. हरणांच्या शिकारीला जाताना ती त्याच्या गाडीतच राहिली आणि टॅबर खिंडीपलीकडे शिकारीच्या कॅम्पवर, त्याच्या खोपटात त्याने उतरवून ठेवली. ड्वेलच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, म्हणून ती आणायला केंडलच जाणार होता. त्याने फोनवर सांगितले, “किल्ली दाराच्या वर खिळ्याला आहे. चूल पेटवून झोप, आणि माझ्या बिस्किटांना हात लावू नकोस.”

गुरुवारी जेवण झाल्यावर केंडलने बॉनेट उघडले. कूलंट तळाला गेले होते आणि घरातला डबा रिकामा होता. त्याने अंगणातल्या नळाचे साधे पाणी ओतले आणि दोन कॅन भरून मागे ठेवले. मी जवळच उभा होतो.

मी म्हणालो, “वर गारठा आहे रे. ते पाणी गोठेल.”

तो म्हणाला, “चालू इंजिनात गोठत नाही बाबा. बंदच नाही करायचं.”

मी म्हणालो, “दुकानात जाऊन ये की.”

“अंधार पडायच्या आत खिंड ओलांडायचीय. तुम्ही आत जा, कान लाल झालेत तुमचे.”

मग म्हणाला, “उद्या दुपारपर्यंत येतो. आईला म्हणावं, पावाचे रोल राखून ठेव.”

तो रात्री कॅम्पवर झोपणार होता आणि तेव्हा इंजिन बंदच असणार होते, हे माझ्या ध्यानात तो गेल्यावर आले. तिथे फोन लागत नाही.

गाळणी काढल्यापासून त्या गाडीचा आवाज कालव्याच्या पुलापासूनच ऐकू येतो. माझी बायको निओमा त्या आवाजावर ताट वाढायला घेते. शुक्रवारी दुपारी तिने ताट घेऊन ठेवले.

संध्याकाळी मी रूलनकडे गेलो. तिथे वॉर्डातले आणखी काही जण जमले. बर्फ पडायला लागला होता. मी म्हणालो, “शेरीफला कळवू या. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर आहे.”

मग रूलन म्हणाला, “ब्रदर हॅच, ते पहिल्यांदा विचारतील तो वर कशाला गेला. मग गाडी बघतील, आणि मग आमच्या गाड्या. केंडल बाप्या माणूस आहे, चुलीपाशी पाय शेकत बसला असेल. उद्या पहाटे आम्हीच जातो.”

दुसरा म्हणाला, “तपासणी चुकली म्हणून लाजत असेल.” यावर काही जण हसले. मला ते पटले असे नाही. पण मी घरी येऊन निओमाला सांगितले की, सगळे जाणार आहेत, काळजी नाही.

शनिवारी ते तीन पिकअप घेऊन गेले. निओमाने थर्मासमध्ये सूप दिले, केंडलसाठी वेगळे. जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत ते पोचले. पुढे बर्फ दाराला लागत होता. एक गाडी घसरून अडकली, तिला ओढून काढण्यात दुपार गेली. चाकांच्या खुणा दिसल्या नाहीत. हाका मारल्या का असे मी विचारले. रूलन म्हणाला, “इंजिनांचा आवाज होता ना, त्यानेच ऐकलं असतं.” थर्मास भरलेलाच परत आला. निओमाने तो धुतला नाही.

आज सकाळी चर्चमध्ये बिशपनी विचारले, “केंडल कुठे दिसत नाही?” रूलनने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “वर गेलाय.” प्रार्थना चालू असताना मी उठलो आणि इकडे आलो. निओमा माझ्या पाठोपाठ बाहेर आली. ती गाडीत बसली आहे. तिला आत बोलवू नका.

विचारल्यावरून सांगतो की, केंडलच्या अंगात तपकिरी कोट, कानटोपी आणि कामाचे बूट होते. जाड पांघरूण त्याने घेतल्याचे मी पाहिले नाही. गाडीत काडेपेटी असते. त्याचे कोणाशी भांडण नाही.

गाळणीबद्दल जे काय लिहायचे ते लिहावे. दंड झाला तर होऊ दे, गाडी जप्त करायची तर करा. रूलनवर माझा राग आहे असे लिहू नये. आपली माणसे वर गेली की त्यांनी इंजिने बंद करून थोडा वेळ उभे राहावे. केंडलची गाडी चालू असेल तर फार लांबून ऐकू येते. चालू नसेल तर तो बॉनेटवर हातोडा मारील, लहानपणी मेंढ्या चुकल्या की मी त्याला तसेच शिकवले होते. काल तिथे कोणी शांत उभे राहिले नाही.

जबाब डेप्युटी साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वरच्या ओळीत “बेपत्ता वाहन व त्यातील इसम” असे लिहिले होते. ते खोडून आधी मुलाचे नाव आणि नंतर वाहन असे करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. जे काही कळेल ते लवकर कळवावे. मी फोनजवळच आहे.

सही : ऑर्लो हॅच