न विचारता पुसलेलं

“सगळं पुसलं गेलं हो, एकूण एक, आता तोंड कसं दाखवायचं—” एवढंच ऐकलं मी, सर, पुढचं नाही. पुढे तिने नळ सोडला. तिने म्हणजे या शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याच्या बायकोने. आमच्या दोन दुकानांमध्ये भिंत कसली, प्लायचा तुकडा आहे, पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे माझी सुई हलते. मी काही कान लावून बसत नाही हं— कापड कापत होते, कात्री थांबली, ऐकू आलं. बसा ना. ते स्टूल नको, डुगडुगतं. शाळेतून आलात ना? बाहेर टेम्पो उभा केलाय, म्हणजे मशिनं परत न्यायला आलात. न्या. मी म्हणते, न्याच. पण शटर वाजवून उपयोग नाही, उघडत नाही तो. ऐका— टिक, टिक, टिक. माऊस आहे त्याचा. शटर ओढून आत बसलाय, तोंड लपवून. हळू कशाला बोलू? ऐकू दे की!

त्याच्या कामाची तऱ्हा सांगू? पूर्वी कॉम्प्युटरमध्ये सगळं नव्याने घालायचं म्हणजे माणूस समोर बसायचा. मशीन विचारायचं— भाषा कुठली, नाव काय ठेवू, कुठल्या डिस्कवर बसू, जुनं पुसू का— आणि माणूस एकेकाचं उत्तर द्यायचा. या शहाण्याने काय केलं? सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवली आणि ती फाइल घातली पेन ड्राइव्हमध्ये. मी त्याला कांडीवाला म्हणते ते उगाच नाही. कांडी खुपसायची, मशीन सुरू करायचं, आणि हा निघाला चहाला! मशीन विचारायला तोंड उघडतंय तोच उत्तर घशात. तुमच्या शाळेची मशिनं अशीच करत होता— एकेकाला कांडी, पडद्यावर आपोआप सगळं सरकतंय, आणि खुर्ची रिकामी. याला काम म्हणायचं? मी साधं बटण लावते तर त्याच्यावरून नजर काढत नाही. आणि वर ऐट काय— “काकू, माझ्या पद्धतीत माणूस लागत नाही.” नाही लागत तर नाही! न विचारता कामं करणाऱ्यांचा मला रागच आहे. मी बघा, गिऱ्हाईक दारात दिसलं की ओळखते काय हवंय, पण तरी विचारते. तुम्हाला पाणी हवंय ना? हे घ्या.

काय म्हणालात? शाळेचं सगळं पुसलं हे कुणी— मला काय माहीत तुम्हाला कुणी सांगितलं? पेपरवाल्याने? त्याला इस्त्रीवाल्याने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि इस्त्रीवाल्याला— अहो, गल्लीतलं बोलणं, त्याचा उगम कोण शोधत बसतं? बरं, बोलले मी. पण ‘शाळेचं’ असं नव्हते म्हणाले. म्हणजे म्हणाले, पण मला तसंच वाटलं ना! त्याच्याकडे त्या दिवशी दुसरं काम होतंच कुणाचं? शाळेचं. आणि माझं.

माझं होतं, हो. माझ्या भरतकामाच्या मशीनला कॉम्प्युटर लागतो, तो जुना बंद पडला, म्हणून कुणाचा तरी वापरलेला डबा घेतला आणि याच्याकडे दिला. यानेही तीच कांडी खुपसली. आता त्या कांडीत म्हणे प्रत्येक भागाचा ड्रायव्हर लागतो— गाडीवरचा नव्हे हो, त्या त्या भागाची मशीनला ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम. तुमची मशिनं सगळी एका जातीची, त्यांचे होते. माझ्या डब्यातल्या डिस्कचा नव्हता. ओळखच नाही म्हटल्यावर मशीनला आतली डिस्क दिसेना. आणि फाइलमध्ये उत्तर काय लिहिलेलं? पहिली दिसेल ती घे, साफ कर, तिथे बस. पहिली दिसली ती बाहेरून लावलेली, माझी, नक्ष्यांची. केली साफ! पाखरं, वेलबुट्ट्या, तुमच्या शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचं ते चिन्ह, सगळं. आणि साफ करून झाल्यावर म्हणतं कसं— या डिस्कवर मला बसता येणार नाही! मेल्या, घर धुऊन रिकामं केलंस आणि मग सांगतोस, राहायचं नाही?

तर ते असं. त्याची बायको नळ सोडून रडत होती ती माझ्यापायी, मला तोंड कसं दाखवायचं म्हणून. आणि तोवर मी इथे सगळ्यांना— पाणी संपलं का? अजून देऊ?

तुमचं एकही मशीन गेलेलं नाही, सर. झालीत सगळी, कापड टाकून झाकून ठेवलीत. हा आत बसलाय तो माझी पाखरं काढत. मी जुने नमुने दिलेत भरलेले, ते समोर धरून एकेक टाका मोजतो आणि पुन्हा उभा करतो. मागितलं नव्हतं मी. येऊन म्हणाला, “काकू, चूक माझी, मी तुमची डिस्क काढायला विसरलो.” विसरतोच तो! सगळी उत्तरं कांडीला देऊन बसलं की डोक्यात काय उरणार? कांडीवर याची सगळी भिस्त— आणि डिस्क काढायला विसरलो कसला? काढली होती. माझ्यासमोर काढून वर फळीवर ठेवली आणि म्हणाला, काही हलवू नका, आलोच. मग मीच म्हटलं, कांडीशेजारी एक भोक रिकामं दिसतंय, आला की पुन्हा हीच लावायची आहे, तर आपणच—

असे काय बघताय? उठा. शटर वाजवा, उघडेल तो, शाळेचं नाव सांगा, मशिनं बघून घ्या आणि टेम्पोत भरा. आणि मी काय म्हणाले ते त्याच्यापाशी—

सर. थांबा जरा.

टिकटिक थांबली का हो?