पिवळा कोठचा, निळा कोठचा

— नाही नाही, तिथं नाही जवाईबापू, इतकं वाकू नका, कंबर धरन. फ्यूज का सीटखाली राहातेत? आमच्या ट्रॅक्टरले डोळ्यासमोर डबा हाये, चार फ्यूज, चार तारा, आंधळा बी सांगन कोणता कायचा. तुमची ही गाडी — वाईट नका मानू, गाडी चांगलीच हाये, जुनी घेतली असली तरी पंधरा दिवसांत तुमी तिले नवरीसारखी ठेवली — पण फ्यूज कोठं ठेवले हे बनवणाऱ्यानं कोणाले सांगतलंच नाही. अन् आधीच्या मालकानं पुस्तक बी नाही देल्लं म्हणता. मंग तुमाले तरी कसं मालूम असन? तुमी बँकेतले माणसं. चाबी फिरवली का चालू झाली पायजे, बस. बरं, स्टेरिंगच्या खाली, उजव्या हाताले, एक छोटंसं झाकण होतं पाहा — म्हणजे असाले पायजे. नाही? नुसतं भोक हाये? पडलं असन झाकण. आमच्या सौंदडच्या रस्त्यानं भल्याभल्यांचे झाकणं पडतेत.

थांबा, मी बॅटरी दाखवतो मोबाईलची. अशी? अशी दिसते का? चार वाजता निघाचं हाये हे मले समजलं, पावणेचार झाले हे बी दिसून राहिलं. तुमच्या मातोश्रीचा फोन दोनदा येऊन गेला, रातच्या जेवणाच्या आत भिलाईले पोचले पायजे, सगळं मालूम हाये. पण मी काय करू? आज मंडई हाये गावात, दिवाळीनंतरची सालाची जत्रा. चैतराम हाये नं आमचा, गाड्यांच्या वायरिंगचा मास्टर, पण थो सकाळपासून स्टेजवर लाईट टांगून राहिला, रात्रीच्या नाटकासाठी. आज त्याले देवानं बोलावलं तरी उद्या येतो म्हणन. म्हणून म्हणतो, आपणच पाहू. दोन माणसं हावो आपण, शिकलेसवरले — तुमी शिकलेले, मी सवरलेला. गुंजन बॅग भरून राहिली आत. दोन घंट्यापासून भरून राहिली, एकच बॅग हाये. तिच्या मायनं, शामकलानं, तांदळाच्या पिठाची पिशवी देल्ली तं तिनं ती तीनदा आत ठेवली अन् तीनदा बाहेर काढली. पोरींचं असंच राहाते.

हं, सापडले नं? किती हायेत! मधमाशीच्या पोळ्यासारखे. आता पाहा, निळा म्हणजे पंधरा नंबरचा, पिवळा वीसचा, थो हिरवा तीसचा, लाल — नाही, लालाले नका हात लावू, त्यानं काही होत नाही, नुसता हॉर्न जाते. काय? मले कसं मालूम? अजी ट्रॅक्टरले बी हॉर्न हाये नं! हॉर्न तं हॉर्न, ट्रॅक्टरचा काय अन् मोटारीचा काय. तुमी लई बारीक बारीक विचारता जवाईबापू, बँकेत सवय लागली तुमाले. काय मोजून राहिले? घरं? सहा घरं खाली? बरं, मंग सहा जळले. सहाच्या सहा एकाच टायमाले जळत नाही म्हणता. जळतेत ना बाप्पा! एक जळला का शेजारचा जळते, वस्तीत आग लागते तसं. अन् जळले तरी — हो, ते बी बरोबर हाये तुमचं — जळले तरी जागेवरच राहाले पायजे. उठून कोठं जातीन. मंग उंदीर असन. हाव, उंदीरच. धान घरात आला का उंदीर काय नेन अन् काय नाही! मांगल्या साली शामकलाचा चष्मा नेला. अर्धा सापडला.

काय वाजलं? काही नाही वाजलं. माह्या खिशात? सुपारी हाये. मी सुपारी खात नाही हे तुमाले कोणं सांगतलं? गुंजननं? ही पोरगी मायबापाच्या सगळ्या गोष्टी सासरी सांगते का? असे नका पाहू. एक तं तुमी बोलत नाही, अन् वरून पाहाता. पाच साल झाले लग्नाले, पाच सालांत तुमी माह्याशी मोजून वीस वाक्य बोलले असान, त्यात बारा वाक्य 'बरं, निघतो मग' हेच हायेत. थांबा. हे घ्या. हे पाहा. एक, दोन, तीन — पिवळे दोन, निळे दोन, एक हिरवा, एक हा काय रंगाचा म्हणाचा, भुरका. सहा. झालं समाधान? मीच काढले. पकडीनं काढले. तुमी जेवून आडवे झाले तवा. चोर नाही मी, उद्या सकाळी परत लावणारच होतो. एकच काढाचा होता, सेल्फचा. पण ट्रॅक्टरसारखं राहाते का इथं! एक काढला तं काच बंद झाली. दुसरा काढला तं आतला दिवा गेला. झाकणाच्या मांगं नकाशा होता, पण इंग्रजीत, अन् अक्षर मुंगीएवढं; म्हणून झाकण घरात नेलं चष्म्यासाठी, तं शामकलानं त्याच्यावर लसूण सोलून ठेवला. मंग अंदाजानं काढत गेलो. अन् आता — हसू नका, हसत नाही म्हणता, ओठ हालून राहिले तुमचे — आता पिवळा कोठचा अन् निळा कोठचा, आईशप्पत, मलेच मालूम नाही.

कायले म्हणता? सांगतो. मी नाटकात हावो आज. पोलीस इन्स्पेक्टर. एकसष्ट वर्षांचा इन्स्पेक्टर, हाव, नोकरीतून कवाचा काढला असता सरकारनं, पण आमच्या मंडळात दुसऱ्या कोणाले ती वर्दी होत नाही. अन् मले पाठ होत नाही जवाईबापू, कवाच नाही झालं. सहावीत होती गुंजन, तवापासून पडद्याच्या मांगं वही धरून बसे अन् मले वाक्य सांगे. माह्या आधी तिचे ओठ हालत. लोक म्हणत उदाराम काय बोलते, काय बोलते! उदाराम कायले बोलते, ती बोले. लग्न झालं अन् माह्या इन्स्पेक्टरची जीभ गेली. आता माहा पुतण्या सांगते मांगून, पण त्याचं ध्यान मोबाईलात. मांगल्या साली खुन्याले सोडून मी फिर्यादीलेच बेड्या घातल्या. लोक हसले, ते हसू द्या. मी तिकडं पडद्याकडं पाहिलं तं तिथं ती नव्हती, त्याचं वाईट वाटलं. दरसाली येते मंडईले, रिवाजच हाये आपल्यात, मंडईले लेक-जवाई आले पायजे. अन् दरसाली चार वाजता निघते. मंडईची पोरगी, मंडई न पाहाता जाते. म्हणून वाटलं, एक रात. तिले बी वाटे. मी एकेक फ्यूज काढू अन् ती चाबी फिरवून पाहे, गाडी चालू झाली का तिचं तोंड असं उतरे का काय सांगू, मंग म्हणे बाबा, अजून एक काढा, थो कोपऱ्यातला —

नाही. चाबी मीच फिरवली. एका हातानं पकड, एका हातानं चाबी. तुमच्या उशाखाली होती चाबी? मंग — मंग मीच घेतली हळूच. जवाईबापू, तिचं नाव नव्हतं घ्याचं मले. तिले काही म्हणू नका, हात जोडतो. माह्या तोंडाले कुलूपच नाही, शामकला चाळीस साल झाले सांगून राहिली. गुंजनचा दोष नाही. तुमच्या मातोश्रीचा बी नाही. दोष माहा. पहिल्या साली त्या आल्या होत्या, आमी मानाची म्हणून सगळ्यात समोरची खुर्ची देल्ली, अन् भोंगा नेमका त्याच खुर्चीच्या वर बांधला होता. मी एंट्री घेतली, 'खबरदार!' म्हटलं, अन् बाई खुर्चीवरून उठून सरळ गाडीत जाऊन बसल्या. आठ दिवस कानाले दडे. तवापासून तुमी चार वाजता निघता. अन् मी पोरीचा बाप, मी कोणत्या तोंडानं म्हणू का ठेवा तिले एक दिवस? पोरीच्या बापानं सासरच्याले मांगत नसतेत. मांगता येत नाही म्हणून फ्यूज काढले.

घ्या, आला त्यांचाच फोन. उचला. मी चुप बसतो, श्वास बी घेत नाही. — काय सांगून राहिले तुमी? 'मेकॅनिक आला हाये, त्याच्याशीच बोल'? कोण मेकॅनिक? मी? अजी पण — काऊन? — द्या. — हलो! नमस्ते माताजी! मैं मेकॅनिक बोल रहा हूँ, चैतराम! गाडी का फ्यूज उड़ गया है माताजी! छे! छे के छे! गोंदिया से सामान आएगा, कल सुबह तक — जी? धीरे बोलूँ? जी. — जी नहीं, उदाराम तो कोई और हैं, वो उधर — जी. — आपके कान ने आवाज़ पहचान ली. — हाव इहीनबाई. मीच हावो.

नाही, मेकॅनिक नाही. गाडीले काही नाही झालं, मीच फ्यूज काढले. — हाव, या वयात. — इहीनबाई, आज रात पोरीले राहू द्या. मले तिची लई आठवण येते. बस, इतकंच म्हणणं हाये. — हाव. — नाही, नाही विचारलं कधी. — नाही, फोन बी नाही केला. — चुकलं. — हाव. — ठेवतो.

घ्या तुमचा फोन. काय म्हणे? थांबा, सांगतो. म्हणे, पाच साल झाले, तुमच्याकडून एक बी डाव निरोप नाही आला का पोरीले ठेवून घेतो म्हणून. म्हणे, मले वाटलं भोंग्याचा राग माह्यापेक्षा तुमालेच जास्त, मायबापच थांब म्हणत नाही तं मी पोरगी कायले ठेवू कोणाच्या घरी. म्हणे, चार वाजले का दर मंडईले गुंजन रस्ताभर खिडकीकडं तोंड करून बसते हे पोरगा मले सांगते, तुमाले कोणी सांगतलं नाही का. तुमी सांगतलं, जवाईबापू? तुमी? — म्हणे, दोन दिवस राहू द्या तिले.

आता असे उभे नका राहू माह्यासमोर. जा, गुंजनले सांगा बॅग खाली कर म्हणा. मी नाही येत, तुमीच सांगा. मले रडाले येऊन राहिलं, अन् जवायासमोर रडत नसतेत आमच्यात. जा म्हणतो नं. जा.