शेवटच्या घरावरची सफेदी

हे सांगायचं मी लई वर्षं टाळलं. तुम्ही मागं दोनदा येऊन गेलात, तवा तुम्हाला माळवदाच्या गप्पा सांगितल्या, चहा पाजला आन् वाटेला लावलं. आज सांगतो. जसं सांगतो तसं लिहा, माझ्या बाजूनं काही घालू नका.

मी बेंबळीकडचा, गवंड्याच्या घरातला. बाप माळवदं करायचा. म्हणजे दोन हात रुंद भिंत, वर लाकडं, लाकडावर काड्या अन् पाला, त्यावर चिखल आन् सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखात बाहेर तळपाय भाजायचे आन् आत आलं की अंगाला बरं वाटायचं. ती माळवदं पुढं म्याच पाडली, काय सांगू तुम्हाला. लोकांना भीती बसली होती, वरून माती गळायची, इंचू पडायचा, भिंत कधी खचंल नेम न्हवता. घरकुलं आली, स्लॅबची, लोक खुश, मीबी खुश. आमच्या वस्तीतली सगळी घरकुलं मी आन् दिगंबरनं बांधली. दिगंबर म्हणजे माझा जोडीदार गवंडी. एका घमेल्यातला माल आमी दोघांनी थापला, उभा जन्म. तो ओळंबा धरायचा, मी वीट बसवायचो, आन् बोलायची गरज पडायची न्हाई.

पण स्लॅब दिवसभर ऊन पितो. दुपारी पंखा लावला तर वरचा गरम वाराच खाली फेकतो. बाया मला म्हणायच्या, गवंडीभाऊ, घर बांधून दिलं का भाकरीचा तवा?

मग एक संस्था आली, बरोबर इंजिनिअर मॅडम. त्यांचं म्हणणं, घर पाडायचं न्हाई, हाय त्यालाच थंड करायचं. भिंतीला वर समोरासमोर दोन झरोके, गरम हवा निघून जायला, आन् छतावर चुन्याची दाट सफेदी, एकावर एक दोन हात, म्हणजे ऊन आत शिरतच न्हाई. आधी सगळ्या घरांचे झरोके पाडले, मग सफेदी सुरू केली. पहिल्या घरावर दिली आन् दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत जाऊन बसलो. खोटं न्हाई सांगत, फरक होता. म्हणलं, बाप काय उगाच पांढरी माती घालत न्हवता. मला मुकादम केलं. नियम एकच, सफेदी झाली की मोबाईलवर छताचा फोटो काढायचा, फोटो गेला की ते घर पूर्ण, परत त्या घराला काही मिळायचं न्हाई.

शेवटचं घर दिगंबरचं. त्याची बायको, रुक्मिणवहिनी, कुरडया करून विकायची. गेलो तर सगळं छत लुगड्यांनी झाकलेलं, वर वल्ल्या कुरडया. म्हणली, भावजी, दोन दिवस थांबा, आत्ता उचलल्या तर सगळा लगदा हुईल. म्हणलं, थांबतो की, घरचंच काम हाय. दिगंबर खालून ओरडला, मुकादम झालास म्हणून सफेदी पातळ करू नको रं! आमी हसलो.

दुसऱ्याच दिवशी दिगंबरला लकवा मारला. सोलापूरला नेलं, वहिनी पंधरा दिवस तिकडंच. इकडं मॅडम म्हणाल्या, काका, एवढं एकच घर राहिलंय, उद्या वाशी तालुक्यात काम लावायचंय. चुना संपलेला, माणसं पांगलेली. खरं सांगितलं असतं तर मॅडम थांबल्या असत्या, भली बाई होती. पण आमची वस्ती पहिली पुरी झाली, हे मला ऐकायचं होतं. मी शेजारच्या, सफेदी झालेल्या छतावर चढलो, त्याचाच दुसऱ्या कोपऱ्यातून फोटो काढला आन् दिगंबरच्या नावानं पाठवला. मनात म्हणलं, वाशीहून आलो की एका सकाळी उरकून टाकू.

मधे अवकाळी पडला. वहिनी दिगंबरला घेऊन परत आली, त्याला खाटेवर निजवलं, वर तेच तापलेलं छत. ग्रामपंचायतीत बैठक झाली तवा ती उठली, आमच्या घराला सफेदी झालीच न्हाई म्हणली. मॅडमनी फोटो दाखवला. वहिनी म्हणली, हे आमचं छत न्हवं, आमच्या चारी कोपऱ्याला सळया उभ्या हायत, पोराला वर मजला चढवायला ह्यांनीच ठेवल्यात. ह्यात एक तरी सळई दावा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या सळया ठेवताना मी तिथंच होतो. आन् म्या काय म्हणलं, तर वहिनी, फोटो मधला हाय, कोपरं आलं न्हाईत. सफेदी दिली होती, निम्मी पावसानं नेली, निम्मी तुम्ही वाळवणासाठी छत घासघासून काढली. एवढ्यावर थांबलो न्हाई, हसून म्हणलं, तरीच औंदा कुरडया पांढऱ्याफेक दिसायल्यात! लोक हसले. शेजाऱ्यांना खरं ठावं असंल, पण मुकादमाच्या विरोधात कोण बोलतो, सगळ्यांना पुढं काम पाहिजे होतं. वहिनीनं पदर वढून घेतला आन् खाली बसली.

त्यानंतर जाऊन सफेदी दिली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून दिली न्हाई. दिगंबरला आत सोसवंना, लेकीनं त्याला तिच्याकडं येरमाळ्याला नेलं. मी भेटायला गेलो. शब्द फुटत न्हवता, तरी त्यानं वर बोट केलं, मग दोन बोटं दाखवली. दोन हात दिलेस का. म्या हो म्हणून मान हलवली. घरी न्या म्हणून खुणा करायचा, म्हणत्यात. तिथंच गेला. डॉक्टर म्हणले दुखणंच तसलं होतं, त्यावर मी बोलत न्हाई. पण त्याला त्याच्या घरात पडून राहायचं होतं.

गेल्या साली, सफेदी नव्यानं द्यायची वेळ झाली असं सांगून, मी एकटा त्या छतावर चढलो. गुडघे साथ देत न्हाईत, तरी दोन हात दिले, दाट. खाली आलो. वहिनीनं चहा दिला, म्हणली, भावजी, ह्या वयात तुम्ही आलात, देव तुमचं भलं करो. मग म्हणली, एक विचारू? तवा मी बैठकीत भांडले, पण तुम्ही कशाला खोटं बोलाल. त्या साली कुरडयांसाठी म्या छत घासलं नसतं तर ते घरीच राहिले असते, न्हवं? माझ्याच हातानं मी त्यांच्या डोक्यावर ऊन आणलं.

वहिनी, तुम्ही काही घासलं न्हवतं, घासायला वर काही न्हवतंच, तुम्ही खऱ्या आन् मी खोटा, मला माफ करा. एवढंच बोलायचं होतं. जिभंवर आलं होतं. म्या कप खाली ठेवला आन् म्हणलं, उद्यापर्यंत वर पाणी सांडू देऊ नका, आन् निघालो.