तिसगावचा गाळा

पंकजा : नाना, तिसऱ्यांदा सांगतेय. बारा लाखांत नगरला जुना फ्लॅट घेतला तर भाडं पाच हजार, त्यातून परत सोसायटीचं जाणार. इथं तिसगावला गाळा घेतला तर साडेपाच. आणि नागापूरला, कंपन्यांच्या मागं, तीन खोल्या बांधल्या तर नऊ! कुठं पाच आणि कुठं नऊ!

श्रीमंत : कंपनीतली पोरं आज हायेत, उद्या न्हाईत.

पंकजा : मी तिथंच नोकरी करते, रोज बघते. एक जण खोली सोडतो न सोडतो तोवर दुसरा पिशवी घेऊन दारात उभा. रस्त्यात रान गेलं म्हणून जन्मात एकदा पैसा आला. तो नीट लागला तर तुम्हाला आणि आईला ऊस तोडायला जावं लागणार नाही. एवढंच म्हणणं आहे माझं.

श्रीमंत : गाळा घेतला.

पंकजा : काय?

श्रीमंत : बाजाराच्या रस्त्याला. सोमवारी खरेदीखत झालं.

पंकजा : मग मी मघापासून घसा कोरडा करून कुणाला सांगतेय? भिंतीला?

श्रीमंत : तू सांगत हुतीस, म्हनून ऐकत हुतो.

पंकजा : कमाल आहे तुमची! बरं, झालं ते झालं. साडेपाचाच्या खाली कुणाला देऊ नका आता.

श्रीमंत : रामहरीला दिला. खताचं दुकान टाकतोय त्यो. तीन हजारानं.

पंकजा : तीन? डोकं फिरलंय का नाना?

श्रीमंत : दोन वर्साचं एकदम दिलं की त्यानं. उचल.

पंकजा : भाड्याची कुठं उचल असते? मुकादमाकडून घेऊन घेऊन तीच खोड लागलीय तुम्हाला. आधी पैसे उचलायचे, मग हाडं मोडून फेडायचे! आता दोन वर्षं गाळ्याचा एक रुपया येणार नाही. ते पैसे तरी कुठायत?

श्रीमंत : मुकादमाला दिले.

पंकजा : म्हणजे त्याची उचल फिटली? जायचं नाही तुम्हाला?

श्रीमंत : समदी न्हाई फिटली. घरावर पत्रे टाकायला लई घेतली हुती. अन् रस्त्याचं समदं गाळ्यात गेलं, गाळेवाला एक रुपाया सोडंना. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरत्यात. त्यातल्या अर्ध्याचे पैसे फेडले.

पंकजा : अर्ध्याचे म्हणजे?

श्रीमंत : तुझ्या आईचे. गुडघ्यात पानी झालंय तिच्या. मागल्या साली मोळी डोक्यावर घिऊन गाडीत चढताना फळीवरनं खाली पडली. तुला सांगितलं न्हाई. आठ दिसात ट्रक यायचाय. मुकादम म्हनला, पैसे ठेव, न्हाईतर जोडी बसव. तुझ्या खोल्या कवा बांधून व्हायच्या अन् भाडं कवा यायचं?

पंकजा : मला एक फोन नाही करता आला? मी काढलं असतं ना कर्ज!

श्रीमंत : पोरीच्या पगारावर उचल न्हाई घ्यायची मला.

पंकजा : आणि तुम्ही एकटे जाणार. या वयात. अहो, राग येतोय मला नाना, तुमचा पण आणि माझा पण.

श्रीमंत : अर्धा कोयता म्हनून येत्यात की लोक. हळू बोल. तिला अजून ठावं न्हाई.

(भागूबाई आतून पत्र्याची पेटी ओढत येते.)

भागूबाई : काय ठावं न्हाई मला?

पंकजा : आई, ठेव ती पेटी. तुझे पैसे फेडले नानांनी. यंदा तुला जायचं नाही.

भागूबाई : अन् ह्यांनी?

पंकजा : ते जाणार आहेत.

भागूबाई : व्हय का? मला न इचारता?

श्रीमंत : इचारलं असतं तर न्हाई म्हनली असतीस.

भागूबाई : तुमी ऊस तोडाल वो. मागं मोळ्या कुनी बांधायच्या?